नागपूरकडून की ग्वाल्हेरकडून?

भोपाळच्या मराठी माणसाला "तुम्ही कुठले?" असं विचारलं तर तो भोपाळ सोडून कुठलंही गाव सांगतो. याचं कारण इतिहासात आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश झाला, भोपाळ त्याची राजधानी झाली आणि नागपूरच्या सचिवालयातून फायली इकडे निघाल्या. फायलींच्या मागे कारकून आले, कारकुनांच्या मागे त्यांची बिऱ्हाडं आली. ग्वाल्हेर ही तोवर मध्यभारताची हिवाळी राजधानी. तिथूनही तसंच लटांबर आलं. माझे आजोबा नागपूरच्या फायलींबरोबर आले, आईचे वडील ग्वाल्हेरच्या. दोघांच्या गावांची राजधानी एकाच दिवशी गेली. समदुःखी म्हणून त्यांनी पुढे सोयरीक केली आणि ते दुःख आजतागायत एकमेकांवर काढलं.

त्यामुळे आमच्या घरात कुठलाही गुण किंवा अवगुण बेवारस राहत नाही. चौथीत मला वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं तेव्हा आई म्हणाली, "ग्वाल्हेरची जीभ आहे." पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेच्या दिवशी मी शाळेऐवजी मोठ्या तलावाच्या काठी सापडलो तेव्हा म्हणाली, "नागपूरचे पाय." माझी आत्या नागपूरची आणि दिलीही नागपुरातच, त्यामुळे ती दोनदा नागपूरकर आहे. तिच्याकडे हाच हिशेब उलट्या रकान्यांत लिहिलेला असतो. फक्त एक नोंद दोन्ही वह्यांत कुणी स्वतःच्या नावावर घ्यायला तयार नाही. ती म्हणजे माझा वेंधळेपणा.

वेंधळेपणा हा शब्द मी नम्रतेने वापरतो. मी बिट्टन मार्केटच्या हाटाला स्कूटरवरून जातो आणि भाजी न घेता मिनीबसने परत येतो. स्कूटर चोरीला गेली म्हणून चौकीत जातो. हवालदार विचारतो, "खड़ी कहाँ की थी?" मी म्हणतो, "वही याद होता तो आपके पास क्यों आता?" तो लेखणी खाली ठेवतो आणि मला पाणी देतो. एकदा मुलीच्या शाळेतल्या पालकसभेला मी वेळेवर पोचलो, शिक्षिकांशी तिच्या प्रगतीबद्दल मनमोकळं बोललो. त्यांनाही बरं वाटलं. मुलगी मागच्याच वर्षी बारावी होऊन त्या शाळेतून बाहेर पडली होती, हे आम्हा दोघांनाही शिपायाने सांगितलं.

पण हे सगळं घरातल्या घरात खपत होतं. प्रकरण चिघळलं ते आत्या नागपूरहून आली तेव्हा. ती राणी कमलापती स्टेशनावर उतरणार होती, म्हणजे २०२१ पर्यंत ज्याला हबीबगंज म्हणत आणि आत्या अजूनही म्हणते, तिथे. मी वेळेवर निघालो. रोशनपुरा चौकात आठवलं की आत्याला भोपाळचा मीठ घातलेला सुलेमानी चहा आवडतो, म्हणून जुन्या शहराकडे वळलो. वाटेत भारत भवनाची पाटी दिसली, तिथे कुठलं प्रदर्शन चालू आहे ते पाहावं म्हणून पुन्हा वळलो. फोन वाजला.

"बाळ्या, कुठं फिरून राहिला तू?"

"पोचलोच, आत्या."

"मी हबीबगंजच्या गेटापाशी उभी आहे."

"मीपण इथंच..." म्हणत मी इकडेतिकडे पाहिलं. समोर तलाव होता. हबीबगंजला तलाव नाही.

आत्या रिक्षा करून घरी आली. हातातली पिशवी तिने रिक्षातच ठेवली. पण ते प्रवासाच्या शिणाने झालं, असं तिचं म्हणणं होतं आणि ते कुणी खोडलं नाही. खोडण्याच्या मनःस्थितीत असलेला एकमेव माणूस त्या वेळी चारचौघांपुढे उभा होता.

माझी मुलगी मानसशास्त्र शिकते. दुसऱ्या दिवशी पोहे-जलेबी खाताना तिने एक कागद काढला. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी करवून घेतलेली अठरा प्रश्नांची प्रश्नावली होती ती. त्यातले पहिले सहा प्रश्न चाळणीचे. प्रत्येकाला 'कधीच नाही'पासून 'अगदी वारंवार'पर्यंत पाचांपैकी एक उत्तर द्यायचं.

पहिलाच प्रश्न असा, की एखादं काम जवळजवळ संपत आलं की शेवटचा भाग उरकायला त्रास होतो का. मी म्हटलं, "तिथवर पोचलो की सांगेन." भेटीच्या वेळा लक्षात ठेवण्याचा प्रश्न आला तेव्हा मी तुळशीला पाणी घालायला उठलो होतो. बसून राहावं लागलं तर हातपाय चाळवता का, हा प्रश्न तिने मला विचारलाच नाही, टेबलाखाली बघून स्वतःच उत्तर लिहिलं.

"बाबा, एडीएचडी असू शकतं," ती म्हणाली. "अवधान टिकत नाही, एका जागी बसवत नाही, आधी कृती आणि मग विचार. ही फक्त चाळणी आहे, निदान नाही. पण डॉक्टरांना दाखवा."

"ते लहान मुलांना होतं," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"लहानपणीच सुरू होतं, आजी. मोठेपणी राहू शकतं. २०१३च्या निकषांनुसार नऊ लक्षणं लक्ष न लागण्याची, नऊ चळवळीची. मुलांना कुठल्याही एका यादीतली सहा लागतात, सतरा आणि त्यापुढे पाच पुरतात. पण बरीचशी लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून असली पाहिजेत आणि घर, ऑफिस अशी निदान दोन ठिकाणी दिसली पाहिजेत."

"नवात पाचाला पास?" सौ.ने विचारलं. ती परीक्षा मंडळाच्या कार्यालयात फेरतपासणीचे अर्ज हाताळते. तिला कुठल्याही विषयात आधी उत्तीर्णतेची पातळी लागते.

बातमी दुपारपर्यंत अरेरा कॉलनीपासून भेलच्या पिपलानीपर्यंत सगळ्या नातेवाइकांत पोचली. आपल्या देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही पुरा पडत नाही. सल्लागार मात्र लाखामागे लाख आहेत. भिजवलेले बदाम, ब्राह्मी, शंखपुष्पी, अथर्वशीर्षाची आवर्तनं आणि पहाटे पाचला उठणं, असा उपचार संध्याकाळपर्यंत ठरला. एका काकांनी सांगितलं की त्यांच्या वेळी असलं काही नव्हतं. हे सांगायला त्यांनी मला दोनदा फोन केला, कारण पहिल्यांदा केला होता हे ते विसरले होते. बदाम किलोभर आले. ते रोज रात्री आठवणीने भिजत घालायचे होते. ज्याच्यावर ही आठवण सोपवली होती त्याच्याकडून ती होण्याची काय शक्यता होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. बदाम कोरडेच संपले.

शेवटी मुलीने भेटीची वेळ घेतली. दवाखाना साडेसहा नंबरच्या थांब्याजवळ, वेळ संध्याकाळी साडेपाचची. भोपाळ सोडून इतर कुठल्याही शहरात हे वाक्य निरुपद्रवी आहे. इथे पाच नंबर, सहा नंबर, साडेसहा नंबर हे बसचे थांबे आहेत आणि त्यांच्याभोवती अख्ख्या वस्त्या आहेत. मी अर्थातच साडेसहा वाजता पाच नंबरला उभा होतो. आता तुम्हीच सांगा, ज्या शहरात इतवारा, मंगलवारा, बुधवारा, जुमेराती हे वार नसून मोहल्ले आहेत आणि बसथांबे अपूर्णांकात आहेत, तिथे माणसाने वेळापत्रक पाळायचं कसं? हा मुद्दा मी दवाखान्यात मांडला. स्वागतकक्षातल्या मुलीने नवी तारीख एका चिठ्ठीवर लिहिली आणि चिठ्ठी माझ्या नव्हे, सौ.च्या हातात दिली. निदानाला तिथेच सुरुवात झाली असं म्हणायला हरकत नाही.

सोबत भरून आणायला फॉर्म दिले होते, चांगले जाडजूड. एक मी भरायचा, एक घरच्या माणसाने. फॉर्म भरण्याआधी विषयाची थोडी ओळख असावी म्हणून मी रात्री वाचायला बसलो. फ्रँकफुर्टच्या हाइनरिख हॉफमन नावाच्या डॉक्टरने १८४५ साली आपल्या मुलासाठी गोष्टींचं एक चित्रपुस्तक काढलं. त्याच्या पुढच्या आवृत्त्यांतला फिलिप जेवताना खुर्ची झुलवत झुलवत टेबलावरचं सगळं अंगावर ओढून घेतो, आणि दुसरा एक हान्स आकाशाकडे बघत चालतो तो थेट नदीत पडतो. हे वाचून मला नातेवाईक भेटल्याचा आनंद झाला. मग १९०२ साल आलं. लंडनमध्ये जॉर्ज स्टिल नावाचे बालरोगतज्ज्ञ अशा मुलांवर व्याख्यानं देत होते. मग १९४४. सिबा कंपनीतल्या लिआंद्रो पॅनिझोन या रसायनशास्त्रज्ञाने मेथिलफेनिडेट तयार केलं. ते त्याची बायको टेनिस खेळण्याआधी घ्यायची. तिचं नाव रीटा, म्हणून औषधाचं नाव रिटालिन. मला राहवेना, मी सौ.ला उठवलं.

"ऐकलंस का, त्याने औषधाला बायकोचं नाव दिलं!"

तिने घड्याळाकडे पाहिलं. "तुम्ही माझ्या नावाने गॅस तरी लावा. परवापासून सांगतेय. आणि अहो, फॉर्म भरलात का?"

एडीएचडीबद्दल मला आता पावणेदोनशे वर्षांची माहिती होती. फॉर्म कुठे ठेवलाय एवढं सोडून.

ठरल्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा जत्राच निघाली. लहानपणचं सांगणारं कुणीतरी हवं, एवढंच डॉक्टरांनी म्हटलं होतं. आई निघाली, कारण लहानपण तिने घडवलं होतं. आत्या निघाली, कारण आई काय सांगेल याचा भरवसा नव्हता. सौ. सध्याच्या काळाची साक्षीदार, आणि मुलगी निघाली, कारण भेटीची वेळ तिने घेतली होती. आईने ट्रंकेतून माझी सगळी प्रगतिपुस्तकं काढून रुमालात बांधून घेतली होती.

डॉक्टरबाई शांत होत्या. आधी त्यांनी माझी झोप, थायरॉइड, चिंता, उदासी यांची चौकशी केली, कारण याच तक्रारी त्यांच्यामुळेही होऊ शकतात. रक्त तपासून किंवा डोक्याचा फोटो काढून हे निदान होत नाही, हेही सांगितलं. आत्याचा विरस झाला. रिपोर्टचं मोठं पाकीट हातात आल्याशिवाय आजार झाला असं तिला वाटत नाही.

"ऑफिसमध्ये काही अडचण? काम अर्धवट राहणं, कागद न सापडणं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी सरकारी कार्यालयात आहे," मी म्हटलं.

त्यांनी थोडा विचार केला आणि तो रकाना नंतरसाठी सोडला.

मग साक्षी सुरू झाल्या. आईने सगळे प्रश्न माझ्या नव्हे, तिच्या संस्कारांच्या चौकशीचे धरले होते. "वस्तू हरवायचा का?" "छे! तो जिथे ठेवायचा तिथे त्या राहायच्या नाहीत." "अभ्यासात चुका?" "पेपरच चुकीचे निघायचे." "वर्गात उठून फिरायचा?" "मदत करायचा दुसऱ्यांना." सौ.चं धोरण वेगळं होतं. प्रश्न पुरा व्हायच्या आत ती "अगदी वारंवार" म्हणत होती.

"बोलताना विषय सोडून दुसरीकडे जातात?"

"मॅडम, ऐशबागचा पूल पाहिलाय ना? अगदी तसे वळतात."

भोपाळात आणखी काही सांगावं लागत नाही. २०२५ साली ऐशबागच्या रेल्वेपुलाचं नव्वद अंशांतलं वळण देशभर गाजलं, त्यावर विनोद झाले, अभियंते निलंबित झाले. डॉक्टर हसल्या.

"लेकिन बाद में नापा गया तो एक सौ अठारह-उन्नीस निकला था," त्या म्हणाल्या. "सबने आँख से नापा था. इसीलिए तो मैं इतने सवाल पूछ रही हूँ."

पन्नास वर्षं सगळे मला नजरेनेच मोजत आले होते. मला एकदम त्या पुलाबद्दल जिव्हाळा वाटला. या विषयावर मी डॉक्टरांशी बराच वेळ बोललो असतो, पण सौ.ने "बघा, बघा" म्हणून माझ्याकडे बोट दाखवलं.

आता आईने रुमाल सोडला. बचावाचा भक्कम पुरावा म्हणून तिने प्रगतिपुस्तकं मांडली. गुण खरंच बरे होते. पण गुणांच्या खाली शेरा असतो हे तिने कधी पाहिलं नव्हतं. पहिलीपासून सहावीपर्यंत प्रत्येक वर्षी वेगळं अक्षर, वेगळी शाई आणि मजकूर एकच: बुद्धिमान है, ध्यान नहीं देता. एका गुरुजींनी तर 'खिड़की से दूर बैठाएँ' असंही लिहिलं होतं. बारा वर्षांच्या आधीचा पुरावा असा आईच्या हातून आपोआप दाखल झाला.

"म्हटलं नव्हतं मी?" आत्या सरसावली. "तिसरीत असताना हा नागपूरला आलेला. याला मी सीताबर्डीला नेलं. तेव्हा संत्र्यांचा मोसम होता. काय संत्री होती! आमच्या जाऊबाईंना संत्री चालत नव्हती, त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. तो डॉक्टर म्हणजे..." पित्ताशय झालं, डॉक्टरांच्या मुलीचं लग्न झालं, लग्नातलं जेवण झालं. मग आत्या थांबली. "मी हे का सांगून राहिली होती?"

त्या वेळात आई कधीच उठली होती. भिंतीवरचं वाकडं कॅलेंडर तिने सरळ केलं. मागच्या महिन्याचं पान फाडलं. कुंडीतल्या झाडाची वाळकी पानं काढली. मग शेजारी टिपणं घेत बसलेल्या, दवाखान्यातल्या मानसशास्त्रज्ञ मुलीला तिने वय विचारलं, पगार विचारला, आणि ती उत्तर देईपर्यंत "ग्वाल्हेरला आमच्या नात्यात एक मुलगा आहे" इथपर्यंत मजल मारली. डॉक्टरांचं पेन थांबलं होतं. त्या माझ्या फाइलीकडे बघत नव्हत्या. एकदा आईकडे बघत होत्या, एकदा आत्याकडे.

"हे घराण्यातून येतं का हो?" सौ.ने इतक्या गोड आवाजात विचारलं की मला घाम फुटला.

"बऱ्याच प्रमाणात. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा साधारण तीन-चतुर्थांश निघतो."

"ऐकलंत वहिनी?" आत्या म्हणाली.

"ऐकलं वन्सं. तीन हिस्से नागपूर, एक हिस्सा ग्वाल्हेर."

"आजी, ते लोकांमधल्या फरकाबद्दल असतं," माझी मुलगी म्हणाली. "एका माणसाचे वाटे घालायचे नसतात."

"दोनों तरफ़ से भी आ सकता है," डॉक्टरांनी हळूच सांगितलं. पुढे हेही म्हणाल्या, की ज्यांची फाइल आहे त्यांच्याबद्दलच त्या बोलतात. पण व्हायचं ते झालं. १९५६ सालापासून ज्या दोन घराण्यांचं पापडाच्या जाडीवरही एकमत झालं नव्हतं, त्यांचं त्या खोलीत एका क्षणात झालं: बाई नवीन दिसतात, अनुभव कमी आहे.

त्यानंतर मला एका संगणकासमोर बसवलं. पडद्यावर एकेक अक्षर येतं. प्रत्येक अक्षराला बटण दाबायचं, फक्त इंग्रजी एक्स आला की दाबायचं नाही. पहिलं मिनिटभर मी उत्तम दाबलं. मग माझ्या मनात आलं की एक्सनेच काय पाप केलंय. त्यानंतर आलेला एकही एक्स मी सोडला नाही. हातातून बटण सुटल्यावर मी त्या मानसशास्त्रज्ञ मुलीला विचारलं, "चाचणी किती वाजता सुरू झाली होती?" ती म्हणाली, "सर, अभी ख़त्म नहीं हुई है."

निकाल पुढच्या भेटीत मिळणार होता. मधल्या काळात घरातलं वारं फिरलं. कुणीतरी आत्याला सांगितलं की अशी माणसं फार प्रतिभावान असतात. झालं! "आमच्या नागपूरच्या घरात कुणालाच एका जागी बसवत नाही, तल्लखच सगळे," असं फोनवर ऐकू येऊ लागलं. आईनेही हिशेबाची वही उलटली. ग्वाल्हेरचे अण्णा एका वेळी चार कामं काढायचे, त्यातलं एकही संपवायचे नाहीत, ही गोष्ट इतकी वर्षं तिने दडवून ठेवली होती. ती आता शेजाऱ्यांनाही समजली. मराठी मंडळाच्या गणपतीत तर आरतीनंतर लोक मला बाजूला घेऊन हळूच विचारू लागले, "तो फॉर्म आहे का एखादा जास्तीचा?" फॉर्म होता. सापडत नव्हता.

निकालाच्या दिवशी पुन्हा सगळे हजर. डॉक्टरांनी आधीच स्पष्ट केलं की हे प्रतिभेचं प्रमाणपत्र नाही आणि चारित्र्याचा दाखलाही नाही. एकाग्रता, वेळेचा अंदाज, कामाची मांडणी यात मेंदू जिथे अडतो तिथे औषध, सवयी आणि याद्या यांनी मदत करता येते. मी मान डोलावली. मग त्यांनी कागद पुढे केला. लक्ष न लागण्याच्या यादीत नवापैकी आठ.

"पाचाला पास ना?" आत्याचे डोळे चमकले. "मग हे तर डिस्टिंक्शन झालं!"

आईने चष्मा लावला, कागद जवळ घेतला आणि तिच्या तोंडून तेच निघालं जे माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर निघत आलं होतं. "एक कुठे गेला?"

डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं. समोरासमोर बोललेलं ऐकत नाही असं वाटतं, या लक्षणाला त्यांनी गुण दिला नव्हता. "मैंने सब जगह का पूछा. ऑफ़िस में सुनते हैं, माताजी की सुनते हैं, बेटी की सुनते हैं, मेरी तो बहुत ध्यान से सुनते हैं. एक ही जगह नहीं सुनते. उसे मैं बीमारी में नहीं गिन सकती."

सौ.ने तो कागद वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. मग पर्समधून पेन काढलं, टोपण उघडलं आणि कार्यालयातल्या सरावाच्या आवाजात विचारलं, "फेरतपासणीचा अर्ज कुणाच्या नावे करायचा?"